हिला काही होत नाही

"टाका हो, बिनधास्त टाका. हिला काही होत नाही."

हे वाक्य आमच्या सरांचं. ते बोलले तेव्हा मी आठवीत होते आणि मॅटच्या मधोमध उभी होते. समोर शेठ. ज्या हॉलमध्ये आमचा ज्युदोचा क्लास चालायचा तो हॉल ह्या शेठचा. लोणावळ्यात त्यांची हॉटेलं, वलवणच्या बाजूला बंगला. त्यांची मुलगी ईशा आमच्याच बॅचला होती. रविवारी तिला सोडायला आले की बायकोसकट खुर्च्या टाकून बसायचे. त्या दिवशी त्यांना काय हुक्की आली कोण जाणे. बूट काढून सरळ मॅटवर आले आणि म्हणाले, "सर, मलापण शिकवा की एखादा थ्रो. व्हिडिओ काढू."

सरांनी पोरांवरून नजर फिरवली. डॉक्टरांची पोरं होती, हॉटेलवाल्यांची होती, सुट्टीला पुण्याहून बंगल्यावर येणारी होती. नजर सगळ्यांना वळसा घालून माझ्यावर येऊन थांबली. मला बोटानं बोलावलं.

शेठ म्हणजे भरलेला गडी. त्यांनी माझी कॉलर धरली तर मुठीत माझा गळाच आला. तेवढं त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, "पोरगी आहे हो. लागेल तिला." तेव्हा सर ते बोलले.

पहिल्यांदा त्यांनी मला वाकडंच आपटलं. त्यांचं कोपर माझ्या बरगडीत. त्यांची बायको मोबाइल धरून म्हणाली, "अहो, हात मध्ये आला. परत करा." परत केलं. मग शर्ट वर गेला होता म्हणून परत. मग त्यांना दम लागला, पाणी प्यायले, आणि परत. मी दरवेळी उठायची, ड्रेस सारखा करायची आणि कॉलर पुढं करायची. हॉलभर टाळ्या. शेवटी शेठनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "गुड गर्ल!" कुत्र्याला म्हणतात ना, तस्सं.

ईशा कोपऱ्यात तोंड फिरवून बसली होती. तिला लाज वाटली असेल. मला नाही वाटली तेव्हा. सर हसत होते म्हणून मीपण हसले. बरगडी पुढं कितीतरी दिवस ठणकत होती, आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं की सरांनी आज सगळ्यांतून मलाच निवडलं.

निवडलं! आता आठवलं तरी माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

मी सातवीत असताना सर आमच्या शाळेत आले होते. मैदानात पोरींना पळवलं, उड्या मारायला लावल्या, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुज्या अंगात हाय कायतरी. येशील का ज्युदो शिकायला?" मी म्हटलं, फी किती? तर म्हणाले, "आगं, मी काय परका हाय का? मी सुदुंबऱ्याचा. आमची बी शेतीच. तुज्याकडनं फी घीन व्हय मी?"

बास. तिथंच मी सरांची झाले.

आमचं घर वलवणला. आबा, म्हणजे माझे वडील, लोकांच्या बंगल्यांच्या बागा बघतात. आई चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. आमच्या घरातल्या कोणी बंगलेवाल्याशी मान वर करून बोललेलं मी कधी बघितलं नव्हतं. सर बोलायचे. शेठशी, डॉक्टरांशी, हसून, हातात हात देऊन बोलायचे. आणि परत आमच्याकडं येऊन ओट्यावर बसून आबांशी गावच्या बोलीत गप्पा मारायचे. मला वाटायचं, आपला एक माणूस तिकडं पोचलाय. आता तो हात देऊन आपल्यालाही वर घेणार.

फी नाही म्हटल्यावर बाकीचं आलंच की हो. सगळ्यांच्या आधी जाऊन हॉल झाडायचा. मॅट अंथरायच्या. लोणावळ्याच्या पावसाळ्यात मॅट कधी वाळत नाहीत, खालून बुरशी धरतात. ती फडक्यानं पुसायची, कोपऱ्यात कापूर ठेवायचा. क्लास सुटला की सगळ्या मॅट उचलून एकावर एक रचायच्या. तोवर बाकीची पोरं गाड्यांत बसून गेलेली असायची. मला वाईट वाटायचं नाही. शिष्यानं हे करायचंच असतं, असं सर सांगायचे. पण मग शिष्य काय मी एकटीच होते? हा साधा प्रश्न मला कितीतरी वर्षं सुचलाच नाही.

ज्युदोत पहिलं शिक्षण पडण्याचं असतं. पाठ गोल करायची, हनुवटी छातीला लावायची आणि पडता पडता हात मॅटवर सपाट आपटायचा, म्हणजे दणका अंगात राहत नाही. त्याला आम्ही फॉल म्हणायचो. बाकीची पोरं फॉलला घाबरायची. पडायच्या आधीच डोळे मिटायची, आया बाहेरून "ओ सर, सांभाळून" करायच्या. मला ते पटकन आलं. आणि त्यातच माझं वाटोळं झालं.

कारण चांगली पडणारी सापडली की तिला कोण सोडतंय? नवीन पोरगा आला, त्याला थ्रो शिकवायचाय, बोलवा हिला. पालकांना दाखवायचंय, बोलवा हिला. शाळेच्या गॅदरिंगला डेमो आहे, हिला घ्या. संध्याकाळभर मी पडायची. माझी स्वतःची प्रॅक्टिस काय ती मॅट रचायच्या आधी उरलेल्या वेळात. घरी गेल्यावर आई पाठ शेकायची आणि विचारायची, "आगं, तू कवा कुनाला पाडतीस का न्हाई?"

बेल्टचं तर विचारूच नका. बेल्टच्या परीक्षेला प्रत्येकाला थ्रो मारून दाखवायचा असतो. थ्रो मारायचा म्हणजे पडायला कोणीतरी लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी. सकाळपासून एकेकाच्या परीक्षेला मी पडत राहायची. माझा नंबर येईपर्यंत बाहेरून आलेले परीक्षक जेवायला निघालेले असायचे. मग सर जवळ येऊन खांद्यावर हात ठेवायचे. "दमलीस गं. दमल्या अंगानं परीक्षा द्यायची न्हाई. फुडच्या टायमाला घिऊ." पुढच्या टायमाला परत तेच. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली पोरं निळा बेल्ट बांधून फिरायला लागली आणि मी आपली त्याच्या खालच्या, सुरुवातीला मिळालेल्या नारंगीवरच. एकदा विचारलं तर म्हणाले, "बेल्ट काय, कमरेला बांधायची चिंधी हाय. विद्या मोठी." असेल बाबा. पण मग ती चिंधी शेठच्या पोरीला द्यायला एवढा हार-तुऱ्याचा कार्यक्रम कशाला लागायचा?

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. सर बंगलेवाल्यांशी पुण्याच्या शुद्ध भाषेत बोलायचे, आणि माझ्याशीपण चारचौघांत तसंच. "कॉलर नीट पकड. पाय उचल." पण मला बाजूला घेऊन 'आगं' आणि 'हाय' आणि 'न्हाई' सुरू झालं, की समजायचं, आता आपल्याकडून काहीतरी काढून घ्यायचंय.

ईशाबद्दल खोटं बोलणार नाही. पोरगी वाईट नव्हती. ताकदीची होती, मेहनतपण करायची. पण पडायला तिला आवडायचं नाही, आणि जी पडायला घाबरते ती अंग सोडून खेळत नाही. खरी झोंबाझोंबी लागली की मी तिला टाकायची. एकदा नाही, बहुतेक वेळा. शेठ खुर्चीत बसलेले असले की सर आमची जोडी लावायचेच नाहीत.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्यात तळेगावला जिल्ह्याची निवड होती. तिथं जिंकलेल्या पोरी राज्याला जाणार. मला राज्याला जायचं होतं. का, तर पोलीस भरतीत खेळाडूंसाठी जागा असतात आणि त्याला मोठ्या स्पर्धेचं सर्टिफिकेट लागतं, हे आबांनी कुठूनतरी ऐकून ठेवलं होतं. बागेला पाणी घालता घालता ते बंगल्याच्या रखवालदारालापण सांगायचे, "आमची पोरगी फौजदार हुनार." एवढ्या एका गोष्टीवर आमचं अख्खं घर टेकलं होतं.

ज्युदोत वजनाचे गट असतात. आपापल्या वजनाच्या पोरींशी खेळायचं. माझं आणि ईशाचं वजन एकाच गटातलं. म्हणजे तळेगावला आम्ही दोघी कधी ना कधी समोरासमोर येणार, आणि दोघींतली एकच पुढं जाणार. हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, सरांना तर होतंच होतं.

निवडीच्या महिनाभर आधी सरांनी मला मॅट रचताना गाठलं. "आगं, ऐक. तुज्यात ताकद लय हाय. ह्या बारक्या पोरींत खेळून काय करनार तू? वरच्या वजनात उतर. तितं खरा कस लागतो. तितं जिंकलीस तर नाव हुईल."

मी म्हटलं, "सर, माझं वजन नाही तेवढं."

"मंग खा की! वजन काय आभाळातनं पडतं व्हय?"

मला वाटलं, सरांचा माझ्यावर केवढा विश्वास! त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी खायला बसले. आई कारखान्यातून चिक्कीचा चुरा आणायची, तुटलेली फुटलेली चिक्की, कामगारांना देतात ती. तो मी मूठ-मूठ खायची. भिजवलेले शेंगदाणे, केळी, भाकरीवर भाकरी. आई स्वतःच्या ताटातली भाकरी माझ्या ताटात टाकायची. पोटाला तड लागायची, पळताना उलटी यायची, तरी खायची. वजन चढता चढेना.

निवडीच्या दिवशी सकाळी तळेगावला वजन होतं. तिथलं चित्र बघायला पाहिजे होतं तुम्ही. बाकीच्या पोरी उपाशी. कोणी दोन-दोन जर्किनं घालून पळतेय, कोणी बाटलीत थुंकतेय, का तर वजन उतरावं. आणि मी नळाला तोंड लावून पाणी पितेय, का तर वजन चढावं. पोट नगाऱ्यासारखं झालं होतं. एक पोरगी मैत्रिणीला म्हणाली, "हिचं डोकं फिरलंय का गं?" मी मनात म्हटलं, हस तू. माझ्या सरांना जे कळतं ते तुला काय कळणार.

कशीबशी वरच्या गटात बसले. माझी पहिलीच लढत शिरूरकडच्या एका पोरीशी. दणकट, माझ्या दीडपट. गुणी पोरगी, तिचा काही दोष नाही. तिनं मला कमरेवर घेतलं आणि आपटलं, आणि स्वतःपण अख्खी माझ्यावर आली. मी फॉल बरोबर मारला होता. पण तो आपल्या एकटीच्या वजनाला पुरतो, दोघींच्या वजनाला नाही. खांद्यात कट्ट झालं. डोळ्यांपुढं पांढरं पांढरं. उठले तर हात वर जाईना.

बाकड्यावर बसवून वजन घेणाऱ्या मॅडमनी खांद्याला बर्फ लावला. बाई तोंडानं फटकळ पण मायाळू होत्या. म्हणाल्या, "तुझं वजन मी घेतलंय सकाळी. अगं, तू त्या गटातली नाहीसच. तुला वर कोणी घातलं?"

मी अभिमानानं म्हटलं, "सरांनी."

"कमालच आहे तुझ्या सरांची. खालच्या गटात तर एकच पोरगी होती. बिचारी न खेळताच राज्याला चालली."

मी विचारलं, "कोणती पोरगी?" विचारायची गरज होती का? तिकडं ईशाच्या गळ्यात पदक घालत होते. शेठ व्हिडिओ काढत होते. सर टाळ्या वाजवत होते.

मला रडू नाही आलं. मला उलटी आली. सकाळपासून प्यायलेलं सगळं पाणी बाकड्याखाली ओकले.

परत येताना, स्पर्धेसाठी नेलेल्या आमच्या मॅट भरलेल्या टेंपोत पुढं ड्रायव्हर, सर आणि मी. ईशा शेठच्या गाडीतून पुढं गेली. कामशेत आलं. मग विचारलं, "सर, ईशाच्या गटात दुसरं कोणीच नाही हे तुम्हाला माहीत होतं ना?"

सर खिडकीबाहेर बघत होते. वाटलं होतं, नाही म्हणतील. खोटं तरी बोलतील. मी विश्वास ठेवला असता हो! तेव्हापण ठेवला असता. पण ते गावच्या बोलीत म्हणाले, "आगं, हॉल शेठचा. मॅट शेठनी दिल्यात. तिला राज्याला न्हेली न्हाई तर क्लास ऱ्हाईल का? समजून घे. ती काय, परकी लोकं. तू आपली हाईस."

तू आपली हाईस.

खांद्याचं दुखणं त्या वाक्यापुढं काहीच नव्हतं. शेठनी मला कुत्र्यासारखी टपली मारली, त्याचं मला एवढं नाही. ते परके. त्यांच्याकडून मी काही मागितलंच नव्हतं. पण ज्या माणसानं 'मी काय परका हाय का' म्हणून मला उचलून नेलं, त्यानं मला आपली म्हटलं ते ह्यासाठी. आपली म्हणजे जिला विचारावं लागत नाही ती. जिला मधल्या मध्ये कापलं तरी जी ओरडणार नाही ती.

घरी आले. गळ्यात बांधलेला हात बघून आबा घाबरले. सगळं सांगितलं. आबा जमिनीकडं बघत म्हणाले, "जाऊ दे. फुकाट शिकावलंय त्यांनी. त्यांचाबी नाइलाज आसंल."

आई उसळली. "कसला नाइलाज? मी चुरा आनून आनून चारला हिला, ते काय हिनं वाटंतनं बाजूला व्हावं म्हून? माज्या हातानं खाऊ घालून हिला बाजूला काडली त्यांनी! माज्या हातानं!"

आईला असं रडताना मी पहिल्यांदा बघितलं.

दोन दिवसांत लोणावळ्याच्या चौकात फ्लेक्स लागला. ईशाचा हसरा फोटो, एका बाजूला शेठ, एका बाजूला सर हात जोडून. 'हार्दिक अभिनंदन.' भाजी आणायला मला त्याच्याखालूनच जावं लागायचं. मैत्रिणी विचारायच्या, तुझं काय झालं गं? मी सांगायची, हरले. दुसरं काय सांगणार?

क्लास बंद केला. खांदा हळूहळू सुटला, पण हात डोक्याच्या वर नेला की कळ यायची. सरांनी एक फोन केला नाही. आणि मग गुरुपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात स्वतः घरी हजर. ओट्यावर बसले, चहा प्यायले, आईला म्हणाले, "वहिनी, पोरगी रुसली जनू माझ्यावर." आई उठून आत निघून गेली. मग माझ्याकडं वळले. "गुरुपौर्णिमेला हॉलवर कार्यक्रम हाय. ईशाचा सत्कार हाय. पावनी येनार, पेपरवाली येनार. डेमोला तू लागशील. दुसऱ्या कुनाला नीट पडता येत न्हाई. एवढा एक डाव ये. मंग तुज्या बेल्टचं बघू."

मी जाणार नव्हते. पण आबा हात जोडून उभे होते. त्यांना सरांसमोर तसं उभं बघवेना. हो म्हटलं.

गुरुपौर्णिमेला आमच्याकडं पद्धत अशी, की आधी सगळी पोरं रांगेनं सरांच्या पाया पडणार, नारळ देणार, मग डेमो. सर पांढऱ्या ड्रेसमध्ये खुर्चीवर बसले होते. मी रांगेत शेवटी. पाया पडले मी तेव्हा. सवयीनं वाकलेच. सरांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शानी पोर."

मग डेमो. आता एक गोष्ट सांगते, जी बघणाऱ्यांना कधी कळत नाही. डेमोमध्ये थ्रो मारणाऱ्याचं काम अर्धं असतं. उरलेलं अर्धं पडणारा करतो. तो बरोबर वेळेला पाय सोडतो, उडी घेतो, फॉलचा मोठा आवाज काढतो. लोकांना वाटतं, केवढी ताकद! टाळ्या मिळतात उभं राहिलेल्याला.

ईशा आणि मी समोरासमोर आलो. सरांनी माइक घेतला. एक पाहुणे पुढच्या रांगेतून काळजीनं म्हणाले, "तिच्या खांद्याला पट्टी दिसतेय." सर माइकवरच हसले. "काळजी करू नका साहेब. हिला सवय आहे. हिला काही होत नाही."

लोक हसले.

त्या हसण्यात माझ्या आत काहीतरी बसलं. तुटलं नाही. खाली बसलं, घट्ट. कट्ट झालेला खांदा सरांना माहीत होता. आपटून घेतलेली एकेक संध्याकाळ माहीत होती. मला कसं होत नाही? सगळं होतं. सात जणींना होईल तेवढं मला एकटीला होत होतं, आणि हा माणूस माइक घेऊन सांगतोय की होत नाही.

ईशानं माझी कॉलर धरली, वळली, कंबर घातली आणि ओढलं. मी उडी घेतली नाही.

तिनं परत ओढलं. मी पाय रोवून उभी. कानाशी म्हणाली, "अगं, पड ना."

मी टाचा अजून घट्ट रोवल्या.

"पड ना, प्लीज. पप्पा बघतायत."

तिनं मग खरोखर जोर लावला. सगळा लावला. घामानं तिचे हात निसटायला लागले. आता ती अशी वाकडी झाली होती की माझा एक पाय आडवा गेला असता तर राज्याची खेळाडू सगळ्या पाहुण्यांसमोर उताणी पडली असती. मनात आलं. नाही केलं. तिच्याशी माझं भांडण नव्हतं. तिला त्या वजनाच्या भानगडीतलं काही माहीत होतं का, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. सर मॅटवर आले. माइक बंद करून, हसरं तोंड पाहुण्यांकडं ठेवून, माझ्या कानात म्हणाले, "पड गं बाई. शेठ बघत्यात. माजी इज्जत हाय."

मी मोठ्यानं बोलले. सगळ्यांना ऐकू जाईल असं आणि त्यांच्याच बोलीत बोलले.

"न्हाई पडत, सर."

ईशाचे हात कॉलरवरून काढले. मॅटवरून खाली उतरले. चपला घातल्या. मागून शेठचा आवाज आला, "काय झालं हिला? पाय दुखतोय का?" सर म्हणाले, "हो, जरा पाय..." म्हणजे तिथंपण माझा पायच दुखला पाहिजे! मी चालत घरी आले. पाय एकदम ठणठणीत होते.

त्यानंतर मी तळेगावच्या एका क्लासला गेले. तिथं शिकवणाऱ्या दुसऱ्याच मॅडमनी मला खेळवून बघितलं आणि म्हणाल्या, "ये उद्यापासून. पण आमच्याकडून स्पर्धेत उतरायचं तर जुन्या क्लासच्या सरांची सही आण, की त्यांची हरकत नाही. सही नसेल तर ह्या वर्षी खेळता येणार नाही. थांबावं लागेल."

आबा सही मागायला गेले. सर त्यांना बसा म्हणाले नाहीत. निरोप दिला, "रविवारी क्लासला सगळी पोरं आन् पालक आसतील. शेठबी आसतील. सगळ्यांसमोर माझ्या पायावर डोकं ठेवू दे, चुकलं म्हनू दे. लगीच सही देतो."

आबा परत आले, पायरीवर बसले. मला म्हणाले, "डोकं ठिवलं तर काय झिजतं गं? वरीस वाया जाईल तुजं. माज्यासाठी ठिव."

आबांना मी आयुष्यात उलट बोलले नव्हते. त्या दिवशीपण आवाज चढवला नाही. म्हटलं, "आबा, तुमच्यासाठी काहीपण करीन. हे नाही करणार."

ते उठून बागेच्या कामाला गेले. अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. त्यांना वाटतं, मी हातानं फौजदारकी घालवली. घालवली असेलही. भरतीचं वय काही माझ्यासाठी थांबून राहणार नाही, हे मला कळतं. रविवार आला आणि गेला. मी गेले नाही.

ह्या वर्षी मी कुठंच खेळणार नाही. तळेगावला बसनं जाते, मॅडमकडं घाम गाळते, परत येते. मॅडमनी पहिल्या दिवशी माझी थ्रोची परीक्षा घेतली, आणि पडायला त्यांची दुसरी पोरगी होती. खांद्याला कळ येते. येऊ दे. जेवढी भूक तेवढंच खाते आणि वजन जे आहे ते आहे.

पुढच्या वर्षी मी माझ्याच गटात उतरणार आहे. समोर ईशा असली तर ईशा, आणि दुसरी कोणी असली तर दुसरी. सर मॅटच्या कडेला त्यांच्या खेळाडूच्या बाजूला खुर्ची टाकून बसलेले असतील. लढतीच्या आधी समोरच्या पोरीला वाकून नमस्कार करायचा नियम आहे, तिला करीन. पंचांना करीन. त्या खुर्चीला करणार नाही. उद्धट म्हणून पंचांनी मला बाद केलं, तर बाद होऊन येईन.